पेशीची भूक आणि परळचे उत्तर

परळ म्हटले की मराठी वाचकाला एकतर गिरण्या आठवतात, नाहीतर इस्पितळे. गिरण्यांवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. इस्पितळांवर त्या मानाने कमी. आणि या दोहोंच्या मध्ये, म्हणजे गिरणगावातल्या बाईचे रक्त आणि शेजारच्या प्रयोगशाळेतली काचपट्टी यांच्यामध्ये, जे घडले त्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. जीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि बालपण लालबागच्या चाळीत. त्यामुळे ही मधली जागा मला नेहमी खुणावत आली.

आजच्या जीवशास्त्रात एका प्रश्नाला मोठे महत्त्व आले आहे. आपल्यापर्यंत अन्न पोचले आहे, आता वाढायला हरकत नाही, हे पेशीला कळते कसे? या प्रश्नाची चर्चा बाझल, बॉस्टन या शहरांच्या नावाने होते आणि ते योग्यच आहे. पण त्याचा एक आधीचा अध्याय १९२८ ते १९३३ या काळात परळला लिहिला गेला. तो का लिहिला गेला, त्यातून काय निघाले आणि आजच्या संशोधनाशी त्याचा धागा कुठे जुळतो, हे या लेखात सांगायचे आहे.

गव्हर्नरचा बंगला आणि गिरणीचा भोंगा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेला परळचे जुने गव्हर्न्मेंट हाउस मिळाले. गव्हर्नर मलबार हिलला गेले होते आणि परळच्या आसपास गिरण्यांची धुरांडी उभी राहत होती. १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. त्याच सुमारास शेजारी केईएम रुग्णालय उभे राहिले आणि गिरणीमालक वाडिया घराण्याचे प्रसूतिगृहही. दोन्ही सुरू झाली १९२६ मध्ये.

१९२८ साल गिरणगावाच्या इतिहासात संपाचे साल म्हणून ओळखले जाते. एप्रिल ते ऑक्टोबर असे सुमारे सहा महिने दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई असे. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत. संप चालू असतानाच, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती-भत्त्याच्या विधेयकावर चर्चा झाली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की बाळंतपणात बाई का मरते, हा प्रश्न त्या वेळी सभागृहात होता, युनियनच्या कचेरीत होता आणि डॉक्टरांच्या टेबलावरही होता. भारतात अनेक वर्षे काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूची चौकशी हाती घेतली. बाल्फोर आणि डॉ. तळपदे यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीवर लिहिलेला लेख याच काळातला. या चौकशीतला एक भाग होता गरोदरपणातल्या तीव्र रक्तक्षयाचा. तो पाहण्यासाठी बाल्फोर यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून एका डॉक्टर बाईंना बोलावले. त्यांचे नाव ल्यूसी विल्स.

मोठ्या पेशींचे कोडे

विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत त्यांनी शुश्रूषेचे काम केले, मग लंडनला परतून वैद्यक शिकल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. परळला आल्या तेव्हा त्या चाळिशीच्या होत्या.

त्यांच्यापुढचा आजार साधा नव्हता. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. या बायकांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येने फार कमी. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र पर्निशस ॲनिमिया या युरोपात माहीत असलेल्या जीवघेण्या आजारासारखे दिसे. त्या आजारावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवला होता. मुंबईतल्या या रुग्ण स्त्रिया मात्र गरोदर होत्या आणि बहुतेक गरीब.

विल्स यांनी मेहता, तळपदे, बिलिमोरिया या इथल्या सहकाऱ्यांबरोबर काम सुरू केले. विल्स आणि तळपदे यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात आणि कशा राहतात याची पाहणी केली. ती इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये १९३० साली आली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार सर्वांत जास्त होतो, असे त्यातून दिसले. त्यात गरीब मुसलमान बायकांची स्थिती सर्वांत वाईट होती. आजाराचे मूळ ताटात आहे, असा संशय बळावला.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. तिची सात बाळंतपणे झाली, मुले जगली तीन. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला उठवत नव्हते, तेव्हा घरात म्हणत, ‘हिच्या रक्ताचं पाणी झालं.’ तिला झालेला आजार हाच होता असे म्हणायला माझ्याकडे कोणताही कागद नाही. पण विल्स यांनी ज्या प्रकारच्या ताटाची नोंद केली, ते ताट मला ओळखीचे आहे. भात किंवा भाकरी, पातळ आमटी, कधी सुकट. भाजी परवडली तर थोडी, आणि ती बाईच्या वाट्याला शेवटी. घरातले सगळे जेवल्यावर ती बसणार.

मग प्रयोग सुरू झाले. या बायकांच्या आहारासारखा आहार उंदरांना दिला, तर गाभण माद्यांना रक्तक्षय होई. त्यात यीस्ट घातले तर होत नसे. पण उंदरांना उवा झाल्याचे आढळले आणि निष्कर्षांबद्दल शंका आली. म्हणून तेच काम पुढे माकडांवर करण्यात आले. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांत तशाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय दिसला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा झाला.

हा अर्क म्हणजे मार्माइट. बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून इंग्लंडात १९०२ पासून तयार होणारे, पावाला लावून खायचे, काळपट खारट चाटण. विल्स यांनी ते रुग्ण बायकांना दिले. काही दिवसांतच नव्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागत. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. यकृत महाग होते. हे स्वस्त होते, आणि गरीब रुग्णांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

त्यातून आणखी एक सूक्ष्म गोष्ट पुढे आली. पर्निशस ॲनिमियाला बरे करणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. कच्चा अर्क आणि यीस्ट लागू पडत होते. म्हणजे दोन आजार वेगळे आणि अन्नातले दोन घटकही वेगळे. यीस्टमधल्या त्या अनोळखी द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले. १९४१ मध्ये अमेरिकेत टनावारी पालकातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटले गेले. परळच्या कोड्याचे उत्तर हेच होते.

पेशी मोठ्या का होतात, तेही मग उलगडले. विभागण्यापूर्वी पेशीला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. त्या नकलेचा एक भाग तयार करायला फोलेट लागते. ते नसले तर पेशीचा देह वाढत राहतो, पण नक्कल अडून बसते. पेशी फुगते आणि विभागत नाही. सर्वांत आधी हे रक्तात दिसते, कारण मज्जेत पेशी अखंड जन्मत असतात. आणि गरोदर बाईत विशेष दिसते, कारण तिच्या अंगात आणखी एक देह वाढत असतो आणि तिच्या तुटपुंज्या साठ्यातून आपला वाटा घेत असतो.

दोन दिवसांचे अंतर

विल्स यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच्या दोन दिवस आधी, १८ जून १९३१ रोजी, मेहेरबाई टाटा यांचे वेल्समध्ये ल्यूकेमियाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये ल्यूकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. विल्स यांच्या पुढच्या कामाला या ट्रस्टचेही साहाय्य मिळाले. गरोदर बायकांचे रक्त आणि ल्यूकेमियाचे रक्त यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

संबंध जुळला अमेरिकेत, तोही भीमावरममध्ये जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत. न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले कंपनीत त्यांच्या नेतृत्वाखाली १९४५ च्या सुमारास फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झाले. बॉस्टनचे बालरोग-विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये ल्यूकेमियाच्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा आजार मंदावण्याऐवजी भडकल्यासारखा वाटला. त्यांनी उलटा विचार केला. घटक दिल्याने कर्करोगाच्या पेशी फोफावत असतील, तर तो तोडल्यावर काय होईल? सुब्बाराव यांच्या गटाने फोलिक ॲसिडसारखे दिसणारे पण त्याचे काम अडवणारे अमिनोप्टेरिन पाठवले. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी लिहिले की १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. ती सुधारणा टिकली नाही, पण ल्यूकेमिया औषधाने मागे हटतो हे प्रथमच दिसले. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. हाफकिन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे काम करून परतल्या आणि त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा स्थापन केली. ऊतिसंवर्धन म्हणजे पेशींना शरीराबाहेर काचेच्या बशीत जगवणे. तिथे पेशीला काय काय खाऊ घालायचे ते मोजून मापून ठरवावे लागते, आणि प्रचलित पोषकद्रवांच्या यादीत फोलिक ॲसिड असतेच.

गरोदर बाईला जो घटक द्यायचा, तोच कर्करोगाच्या पेशीपासून हिरावायचा. एकाच ज्ञानाच्या या दोन बाजू परळच्या एकाच परिसरात नांदतात. याचे अगदी अलीकडचे उदाहरण टाटा मेमोरियलचेच आहे. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर तिथे तुलना करण्यात आली. काहींना शिरेतून सिस्प्लॅटिन, तर काहींना तोंडावाटे कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. २०२० मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या निष्कर्षानुसार गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ७.५ महिने, तर शिरेतून औषध घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. फरक महिन्या-दीड महिन्याचा. पण गोळ्या स्वस्त आहेत आणि गावी जाऊन घरीच घेता येतात. टाटाच्या फुटपाथवर दिवस काढणारी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला या वाक्याचे मोल सांगायला नको.

गेटवरचा जमादार

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. फोलेट नसेल तर पेशीचे काम अडते, हे कळले. पण अन्न आहे की नाही याचा अंदाज घेऊन, ‘आता वाढ’ किंवा ‘आता थांब’ असा हुकूम पेशीत कोण देते?

याचे उत्तर आले एका मातीच्या नमुन्यातून. १९६४ मध्ये कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिने आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या एका कंपनीत रॅपामायसिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून हे नाव. या कामात पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल आघाडीवर होते. कंपनीने ते काम गुंडाळले, तेव्हा त्यांनी द्रव्याचा नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. पुढे तेच औषध मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांसाठी १९९९ मध्ये मान्य झाले.

रॅपामायसिन पेशींची वाढ थांबवते, पण कशावर बसून? १९९१ मध्ये बाझलला जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी ते लक्ष्य शोधले. त्याला टॉर असे नाव मिळाले, म्हणजे रॅपामायसिनचे लक्ष्य. शोध लागला तोही यीस्टमध्ये! परळला ज्या यीस्टने बायकांना उठवले, त्याच यीस्टने साठ वर्षांनी पेशीचा कारभारी दाखवून दिला. सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या रूपाला एमटॉर म्हणतात. अमिनो आम्ले, साखर, इन्सुलिन आणि पेशीतली ऊर्जा यांच्या खबरा या एका प्रथिनापाशी येतात आणि वाढीचा निर्णय तिथून सुटतो.

हे प्रथिन अवाढव्य आहे. माणसात त्याची साखळी २,५४९ अमिनो आम्लांची असते. एवढ्या मोठ्या साखळीत वेगवेगळी कामे करणारे वेगवेगळे भाग असतात. त्यांना डोमेन म्हणतात. गिरणीला जशी खाती असतात तसे. त्यातले एक डोमेन सुमारे १०० अमिनो आम्लांचे, चार वेटोळ्यांची जुडी असावी असे. त्याचे नाव एफआरबी. रॅपामायसिन आधी पेशीतल्या एका लहान प्रथिनाला बिलगते आणि मग ही जोडी नेमकी एफआरबीवर जाऊन बसते.

पण निसर्गाने हा भाग रॅपामायसिनसाठी तर घडवला नसणार. मग त्याचे स्वतःचे काम कोणते? २०१३ मध्ये एमटॉरच्या या भागाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ते दिसले. प्रथिनाचे खरे काम जिथे चालते, ती खाच आत खोल आहे आणि एफआरबी तिच्या तोंडाशी आहे. ज्या प्रथिनांना आत जायचे असते, ती आधी एफआरबीला धरतात आणि मग आत सरकतात. गिरणीच्या गेटवरच्या जमादाराचे काम हेच. ओळखीच्याला आत सोडायचे, बाकीच्यांना बाहेर ठेवायचे. रॅपामायसिन येऊन बसले की गेट अरुंद होते आणि पाळी भरत नाही. मेथोट्रेक्सेट पेशीचा माल तोडते, तर रॅपामायसिन तिच्या गेटवर अडथळा उभा करते.

फोलेट आणि टॉर या दोन गोष्टी बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी अभ्यासल्या गेल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात त्या एकत्र आल्या. मानवी वारेतल्या पेशींना फोलेट कमी पडू दिले, तर त्यांच्यातला एमटॉर मंदावतो आणि त्या बाळाकडे जाणारी अमिनो आम्ले कमी प्रमाणात आत घेतात, असे त्यात आढळले. म्हणजे आईच्या ताटात पालेभाजी कमी आहे, ही बातमी वारेपर्यंत पोचते आणि तिथला कारभारी बाळाचा शिधा कापतो. बाळ जगवण्यासाठी केलेली ही काटकसर असेल. तिची किंमत मात्र त्या बाळाला मोजावी लागते. विल्स ज्या टोकाला उभ्या होत्या त्याचेच हे दुसरे टोक आहे.

उत्तर सापडले, पोचले का?

विल्स १९३३ मध्ये लंडनला परतल्या. १९३७-३८ च्या हिवाळ्यात काही आठवडे पुन्हा हाफकिनमध्ये येऊन गेल्या. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. गर्भाच्या पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष गर्भधारणेच्या सुमारास घेतलेल्या फोलिक ॲसिडने सुमारे ७२ टक्क्यांनी टळतो, हे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत १९९१ साली सिद्ध झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

भारतात गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. आजच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. घटक सापडून आणि गोळी निघूनही ही स्थिती आहे.

एकच गोळी हे पूर्ण उत्तर नाही, हेही महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दाखवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. पेशीला एक घटक देऊन दुसरा तुटका ठेवला, तर तिचा हिशेब बिघडतो. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांच्या गटाने मग ताटाकडेच मोर्चा वळवला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ त्यांनी बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून दिला. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ सुरू झालेल्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाणही घटले.

या निष्कर्षाचा अर्थ असा की दिवस गेल्यावर ताट सुधारून पुरत नाही. ते आधी सुधारावे लागते. म्हणजे मुलगी असताना, सून होताना, सगळे जेवल्यावर ती पानावर बसते तेव्हा. हा प्रश्न प्रयोगशाळा एकटी सोडवू शकत नाही. १९२८ मध्ये परळला प्रयोगशाळा, कायदेमंडळ आणि युनियन या तिघांनी आपापल्या परीने एकाच बाईकडे पाहिले होते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथे झाली.

त्या शोधनिबंधांत डॉक्टरांची नावे आहेत. ज्यांच्या बोटातून रक्त घेतले, ज्यांनी काळे खारट चाटण तोंड वाकडे करून गिळले, त्या बायकांची नाहीत. तक्त्यांत त्या आकडे होऊन राहिल्या आहेत. जगभर गरोदर बाई गोळीतून फोलिक ॲसिड घेते आणि ल्यूकेमियाचे मूल मेथोट्रेक्सेटने बरे होते, त्यात या आकड्यांचा हिस्सा आहे. गिरणगावाने या शहराला कापड दिले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या बायकांनी जगाला हेही दिले, याची नोंद त्या हिशेबात घालायला हवी.